सण कोणाच्या घरी?

श्रोतेहो, नव्याने संसार मांडलेल्या जोडप्याला दिवाळी जवळ आली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "यंदा दिवाळी कुठे?" विचारणारा शेजारी तो सहज विचारतो. उत्तर देणाऱ्याला मात्र ते तितक्या सहजपणे देता येत नाही. कारण या साध्या प्रश्नाच्या पोटी दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला असतो. दिवाळी कुठे, म्हणजे कोणाच्या घरी? त्याच्या की तिच्या? आपण हा प्रश्न भावनेचा समजतो आणि म्हणून तो थट्टेत, नाही तर रुसव्याफुगव्यात संपवतो. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न आहे. जुन्या काळी तो कसा सोडवला जात होता आणि ती व्यवस्था आज कुठे तुटली, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर सापडण्यासारखे नाही.

दिवाळी हा एक सण नव्हे, ती सणांची माळ आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात या दिवसांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. पण ग्रंथ उघडण्यापूर्वीही आपल्या घरातली कोणतीही आजी आपल्याला सांगेल, की या माळेतील प्रत्येक मणी वेगळ्या नात्याचा आहे. वसुबारस गाईवासरांची. नरक चतुर्दशीची पहाट घरातल्या लहानथोर सर्वांच्या अभ्यंगाची. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ कुटुंबाची, त्याचप्रमाणे व्यापाऱ्याच्या वहीची. पाडवा पतिपत्नींचा आणि भाऊबीज बहीणभावांची. ज्याने त्याने आपापल्या दिवशी आपले नाते उजळून घ्यावे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीत एक मोठे शहाणपण होते. यमद्वितीयेची कथा पाहा. यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवावयास गेला, म्हणून त्या दिवशी पुरुषाने स्वतःच्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचे जेवावे, असे शास्त्राने सांगितले. वरवर पाहता हा एका जेवणाचा नियम आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीच्या दाराशी वर्षातून एकदा तरी तिच्या माहेरचे माणूस उभे राहू लागले. ती कशी आहे, तिच्या ताटात काय आहे, तिचा चेहरा उतरला आहे काय, हे पाहणारे दोन डोळे त्या घरात आले. ज्या काळी पत्र लिहिणे सर्वांना येत नव्हते, त्या काळी ही ओवाळणी म्हणजे मुलीच्या खुशालीची वार्षिक चौकशीच होती.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तर ही व्यवस्था अधिकच जागरूक असे. वर्षसण या नावाने आपण ज्यांना ओळखतो, त्या सणांत दोन्ही घरांचे हक्क जणू मोजून ठेवलेले असत. मंगळागौरीची जागरणे, आषाढातले माहेरपण, संक्रांतीला काळे लुगडे नि हलव्याचे दागिने, आणि या सर्वांत मानाचा तो दिवाळसण. त्या पहिल्या दिवाळीला मुलगी एकटी माहेरी येत नाही. ती नवऱ्याला घेऊन येते. सासऱ्याच्या घरी जावयाला चौरंगावर बसवून उटणे लावतात, सासू ओवाळते, मेहुण्या थट्टा करतात. कालपर्यंत परका असलेला तरुण त्या पहाटे तेलाच्या वासात आणि फराळाच्या ताटांत घरचा होऊ लागतो.

ही चाल केवळ आपली नाही. तमिळनाडूत हिलाच 'तलै दीपावळी' म्हणतात. 'तलै' म्हणजे शिर, म्हणजेच पहिली. तेथेही नवे जोडपे मुलीच्या आईवडिलांच्या घरी पहाटेचे तेलस्नान करते, आणि सकाळी भेटणारा प्रत्येक जण "गंगास्नान झाले का?" असे विचारतो. आंध्रात नव्या जावयाचा मान संक्रांतीला. बंगालमध्ये त्यासाठी ज्येष्ठ शुद्ध षष्ठी राखून ठेवलेली आहे. त्या 'जामाई षष्ठी'ला सासू जावयाला ताडाच्या पंख्याने वारा घालते आणि मासळीपासून मिष्टान्नापर्यंत सारे पुढे मांडते. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात श्रावणातील तीजेला मुलीसाठी 'सिंधारा' निघतो. पंचांगे निराळी, पक्वान्ने निराळी; पण मुलगी दिली म्हणजे ती गेली असे नव्हे, हे सांगण्यासाठी प्रत्येक प्रांताने आपापला एक दिवस शोधून ठेवला आहे.

आणि माणसांचीच काय, देवांचीही गोष्ट निराळी नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आपल्या घरी गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघून जातात. आल्या दिवशी त्यांना साधी भाजीभाकरी, कारण लेक दमून आलेली असते. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, कारण आता तिचे कौतुक करावयाचे असते. कोल्हापूरकडे तर गौरीपाठोपाठ शंकरोबाही येतो. कर्नाटकात गौरी आदल्या दिवशी माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी तिला न्यायला गणपती येतो, अशी समजूत आहे. बंगालची दुर्गा ही महिषासुरमर्दिनी खरी, पण घरोघरच्या आयांच्या लेखी ती उमा आहे. चार दिवसांसाठी मुलांना घेऊन कैलासावरून बापाच्या घरी आलेली लेक. तिच्या मूर्तीमागच्या जुन्या चित्रकमानीवर सर्वांत वर शंकर रेखाटलेला असतो. जावई असा सोबत असतो, पण त्या चार दिवसांचा मान लेकीचा असतो.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या सणांच्या मुळाशी एक कल्पना पक्की आहे : सण म्हणजे घरी परत येणे. केरळचा ओणम घ्या. वामनाने पाताळात घातलेला महाबली वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटावयास येतो, म्हणून तेथे अंगणात फुलांची रांगोळी घालतात. तोच बळी आपल्याकडे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पुजला जातो, आणि तोच दिवस आपण पतिपत्नींचा पाडवा म्हणून साजरा करतो. मराठी मुलगी आणि मलयाळी मुलगा यांचा संसार मुंबईत वा बंगळुरात असेल, तर त्या घरात एकाच राजाचे वर्षातून दोनदा स्वागत होते.

मग अडते कुठे? जुनी व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे अंतर. सासर आणि माहेर यांच्यामध्ये बहुधा एका दिवसाची वाट असे. भाऊ मुराळी होऊन बैलगाडी घेऊन येई आणि बहिणीला घेऊन जाई. लक्ष्मीपूजन सासरी करून भाऊबीजेला माहेरी पोचणे अशक्य नव्हते. म्हणून सासरचा हक्क आणि माहेरचा हक्क हे एकमेकांच्या आड येत नसत. आज नवरा लखनौचा, बायको सोलापूरची आणि नोकरी हैदराबादेत, असा संसार अपूर्वाईचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयांत दिवाळीची सर्वांना मिळणारी सुट्टी एकाच दिवसाची असते. नरक चतुर्दशी, गोवर्धनपूजा, भाऊबीज या ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत बसतात आणि त्या यादीतून वर्षाला दोनच निवडता येतात. पूर्वी रेल्वेचे तिकीट चार महिने आधी काढता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे दिवाळी कोणाच्या घरी, याचा निकाल दिवाळीत लागत नाही. तो गणपतीच्या सुमारास, तिकिटाच्या खिडकीशी किंवा हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर लागतो.

असा निकाल लावताना काय गळून पडते, हे नीट पाहण्यासारखे आहे. सासरची दिवाळी हे कर्तव्य मानले गेले होते आणि माहेरची दिवाळी ही हौस. दिवस भरपूर होते, तोवर कर्तव्य आणि हौस दोन्ही साधत. दिवस आटले तेव्हा कोणीही भांडण न करता, कोणीही नियम न मोडता, हौस आपोआप मागे पडली. पहिल्या वर्षीचा दिवाळसण थाटात झाला, आणि त्यानंतर दहा वर्षे मुलीने माहेरचा आकाशकंदील पाहिलाच नाही, अशी घरे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. ज्यांना दोन मुलगे आणि दोन मुली असत, त्यांना हे फारसे जाणवत नसे. एक लेक गेली तरी एक सून घरात असे. परंतु आज एकुलत्या एक मुलीचे आईबाप गावोगाव आहेत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती दोघे पणत्या लावतात, शेजारच्या मुलांच्या हातावर एकेक लाडू ठेवतात आणि साडेआठाला जेवून निजतात. त्यांनी कोणाचेही वाईट केलेले नसते. त्यांनी केवळ मुलीला जन्म दिलेला असतो.

घर म्हणजे पुरुषाचेच घर, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. केरळातील नायर समाजात मातृवंशीय पद्धतीने स्त्री आपल्या तरवाडातच राहत असे आणि वारसा बहिणीच्या मुलांकडे जाई. ही पद्धत पुढे विरळ होत गेली आणि १९७५ च्या कायद्याने तिचा कायदेशीर आधार संपला. मेघालयातील खासी समाजात धाकटी लेक वडिलोपार्जित घर सांभाळते. आपल्या देशाच्या दोन टोकांना अशी उदाहरणे असताना, सुनेने सणाला सासरीच असले पाहिजे ही सनातन रीत आहे, असे म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

आपल्या कायद्यानेही याबाबतीत पाऊल पुढे टाकलेले आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती केली आणि पुढे २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने देशभर मुलीला जन्मतःच मुलाप्रमाणे सहदायाद मानले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क आणखी स्पष्ट केला. म्हणजे बापाच्या शेतातला वाटा मुलीला मिळाला. पण बापाच्या दिवाळीतला वाटा तिला कोणता कायदा देणार? तो आपल्या समजुतीनेच द्यावा लागेल. आणि उलटही तितकेच खरे आहे. वाटा मुलाइतका, तर सणाच्या दिवशी म्हाताऱ्या आईबापांपाशी असण्याचे कर्तव्यही मुलाइतकेच. हक्क आणि जबाबदारी यांची गाठ सोडून चालणार नाही.

येथे एका दोषाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. दिवाळसणाच्या गोडव्याला देण्याघेण्याने अनेकदा कडू केले आहे. अंगठी, घड्याळ, पुढे दुचाकी, अशी मागणी सणाच्या नावाखाली वाढत गेली. गोव्यात चवथीला मुलीच्या सासरी जे फराळाचे, फळांचे आणि भेटींचे 'व्हजें' जाते, त्या शब्दाचा अर्थच ओझे असा आहे. आणि ते मुलीच्या बापाला खरोखर ओझे होऊ लागले, अशी तक्रार तेथेही ऐकू येते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. १९८४ आणि १९८६ च्या दुरुस्त्यांनंतर लग्नापूर्वी, लग्नात किंवा लग्नानंतर केव्हाही विवाहासंबंधाने मागितलेले वा दिलेले मूल्यवान असे काही हुंड्याच्या व्याख्येत येऊ शकते. प्रेमाने दिलेले धोतरजोडी-उपरणे वेगळे आणि यादी करून मागितलेली वस्तू वेगळी, हे सांगायला वकिलाची गरज नाही. ज्या घरात आपल्याला उटणे लावले, त्या घराला कर्ज काढायला लावणारा जावई त्या उटण्याला पात्र नाही.

याहून सूक्ष्म दोष मानाच्या कल्पनेत आहे. दिवाळसणाचा जावई हा पाहुणा असतो. तो चौरंगावर बसतो, त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. पहिल्या वर्षी हे शोभते. पण जो जन्मभर पाहुणाच राहतो, त्याचे येणे हे यजमानाला दडपण वाटते. आणि ज्याच्या येण्याचे दडपण वाटते, त्याला वारंवार कोणी बोलावीत नाही. उलट सून सासरी पहिल्या दिवसापासून घरची मानली जाते, म्हणजे तिला चौरंग मिळत नाही, मिळते ती चकलीच्या भाजणीची परात. एक कायमचा पाहुणा आणि एक कायमची कामकरी, अशी ही विषम जोडी आहे. खरी बरोबरी हवी असेल, तर जावयाने दुसऱ्या वर्षी चौरंगावरून उतरावे. सासऱ्याबरोबर माळ्यावरचा आकाशकंदील काढावा, सासूबरोबर शेवेचा सोऱ्या फिरवावा, भांडी विसळावीत. असे केल्याने त्याचा मान जाणार नाही. तो त्या घरचा मुलगा होईल, आणि मुलाला घरी येण्यासाठी निमंत्रण लागत नाही.

मग व्यवहारात करावे काय? यावर एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु काही गोष्टी ठरवून करता येतील. पहिली म्हणजे पाळी. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे लग्नाच्या वेळीच दोन्ही घरांसमोर मोकळेपणाने बोलून घ्यावे. याद्या करताना मानपानाचे तपशील आपण कागदावर उतरवतो. त्या कागदावर ही एक ओळ अधिक झाली तर बिघडत नाही. ज्या वर्षी आपली पाळी नाही, त्या वर्षी आईवडिलांनाही मनाची तयारी करता येते. दुःख होते ते मुले न आल्याने जितके, त्याहून अधिक ती येतील की नाही हे न कळल्याने.

दुसरी गोष्ट, सणांची वाटणी. दोन प्रांतांच्या जोडप्याला ही सोय अधिक आहे. तिची दिवाळी आणि त्याचा ओणम, तिचे गणपती आणि त्याची दुर्गापूजा, असे दोन्ही सण वर्षभरात आपापल्या जागी राहू शकतात. पतिपत्नींचे धर्म वेगळे असले तरी हाच मार्ग खुला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने अशा लग्नाला जागा दिली. सणाला जागा घरच्यांनी द्यायची असते. गोव्यात नाताळचे 'कुस्वार' हिंदू शेजाऱ्याच्या घरी जाते आणि चवथीचा फराळ ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातो. जे शेजाऱ्यांत जमते, ते व्याह्यांत जमू नये असे नाही. मात्र दुसऱ्याचा सण गंमत म्हणून पाहू नये. त्यात एखादे काम अंगावर घ्यावे. ओणमच्या पानावर कोणता पदार्थ कुठे वाढतात, हे शिकून घेण्यात जी आपुलकी आहे, ती केवळ शुभेच्छा देण्यात नाही.

तिसरी गोष्ट अशी, की मुलांनीच जायचे आणि आईबापांनी वाट पाहायची, असा काही शिरस्ता नाही. दोन्हीकडचे वडीलधारे मुलांच्या घरी येऊ शकतात. विहिणी-विहिणी एका ओट्याशी उभ्या राहिल्या, तर अनारशाच्या पिठात साखर घालावी की गूळ, यावर वाद होईल. पण तो वाद आनंदाचा असेल. मुलीच्या घरचे पाणीही न घेणारे बाप पूर्वी होते. त्या कठोर रीतीमागचा हेतू मुलीच्या सासरी भार पडू नये हा असेल. परंतु जे घर मुलीच्याही कमाईवर उभे आहे, तेथे तिच्या बापाने परक्यासारखे का बसावे?

आणि चौथी गोष्ट पाडव्याची. जुन्या पंचांगाने एक दिवस पतिपत्नींना दिलेला आहे, हे आपण विसरतो. पहिले दिवस आईबापांचे, शेवटचा भावाबहिणींचा. मधला हा एक दिवस दोघांचा. प्रवास साधला नाही, सुट्टी मिळाली नाही, तरी त्या दिवशी आपल्या दोन खोल्यांच्या घरात दोघांनी एकमेकांना ओवाळावे. होय, एकमेकांना. ओवाळणे म्हणजे समोरच्याच्या आयुष्याची काळजी वाहणे. ती काळजी काय एकट्या पत्नीनेच वाहायची आहे? दोन जुन्या घरांमध्ये हे तिसरे घर उभे राहते आहे, त्याच्याही उंबऱ्यावर एक पणती हवी. ज्यांचे स्वतःचे घर उजळलेले असते, तेच दुसऱ्या दोन घरांना उजेड देऊ शकतात.

आपण गौरीला न बोलावता आणत नाही आणि न जेवू घालता पाठवीत नाही. तिचा येण्याचा दिवस ठरलेला असतो, म्हणून घर तिच्यासाठी आधीपासून सारवून, झाडून तयार असते. पोटच्या लेकीच्या वाट्याला इतकी निश्चिती यावी, आणि तिच्या जोडीदाराला त्या घरात इतकी जागा असावी, एवढेच मागणे आहे. आपल्या भाषेत घर सोडताना "जाते" असे म्हणत नाहीत, "येते" असे म्हणतात. माहेरचा उंबरा ओलांडणारी प्रत्येक मुलगी हा शब्द उच्चारून गेलेली आहे. तो खरा करणे आता तिच्या एकटीच्या हाती नाही. ते दोन्ही घरांच्या हाती आहे.